सर्व्हरपुढची रिकामी खुर्ची : केव्हीएम स्विचचा इतिहास

२६ सप्टेंबर २०२४ रोजी तीन ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. एक पुण्याजवळच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीसाठी, दुसरा दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्रात आणि तिसरा कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बसू केंद्रात. पंतप्रधानांनी हे लोकार्पण दूरदृश्य प्रणालीद्वारे केले. तिन्ही यंत्रे तीन शहरांत, उद्घाटक चौथ्या ठिकाणी, आणि त्यात कोणालाही काही विशेष वाटले नाही. महासंगणक दुरूनच वापरायचा असतो हे आपण आता गृहीत धरले आहे. दुर्बिणीच्या नोंदींतून क्षणिक रेडिओ स्फोटांचा शोध घेणारा संशोधक आपल्या टेबलावरून काम पाठवतो आणि उत्तर टेबलावरच मिळवतो.

पण एक प्रश्न विचारून पाहावा. रात्री दोन वाजता त्या शेकडो सर्व्हरपैकी एखादा बंद पडला, पुन्हा सुरू होताना मध्येच थांबला आणि पडद्यावर एक प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत बसला, तर ती कळ कोण दाबणार? यंत्र वापरणे आणि अडलेले यंत्र सोडवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुरून वापरण्याची कला संगणकाइतकीच जुनी आहे. दुरून सोडवण्याची कला मात्र बरीच उशिरा आली, आणि तिचा इतिहास एका साध्या दिसणाऱ्या पेटीतून जातो. त्या पेटीचे नाव केव्हीएम स्विच. के म्हणजे कीबोर्ड, व्ही म्हणजे व्हिडिओ, एम म्हणजे माऊस.

दुरून वापराची सुरुवात ११ सप्टेंबर १९४० या दिवसापासून सांगता येते. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात गणितज्ञांची सभा भरली होती. बेल प्रयोगशाळेचे जॉर्ज स्टिबिट्झ यांनी तेथे एक टेलिटाइप यंत्र ठेवले आणि श्रोत्यांना त्यावर संमिश्र संख्यांची उदाहरणे टंकायला सांगितले. आकडेमोड करणारे रिले-यंत्र न्यूयॉर्कमध्ये होते. प्रश्न तारेवरून गेला आणि उत्तर तारेवरूनच परत येऊन कागदावर उमटले. पण न्यूयॉर्कमधला एखादा रिले अडकला असता, तर डार्टमथमधल्या टेलिटाइपला त्याविषयी काहीही करता आले नसते. यंत्राशी बोलता येत होते, ते यंत्र ठीक असेपर्यंतच.

आपल्याकडे हे अंतर फार काळ माणसांनीच पार केले. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला. देशातील इतर संस्थांचे संशोधकही त्याचा उपयोग करीत. आपला प्रश्न छिद्रपत्रांच्या गठ्ठ्यावर उतरवायचा, गठ्ठा संगणक-कक्षात द्यायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची. यंत्रापुढची खुर्ची चालकाची असे, वापरकर्त्याची नव्हे. यंत्र अडले तर ते सोडवणारा मनुष्य त्याच खोलीत होता. म्हणून दुरून सोडवण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

या इतिहासातील एक विलक्षण दिवस म्हणजे ९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्कोतील संगणक परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे दीड तासाचे प्रात्यक्षिक दिले. माऊसचे पहिले जाहीर दर्शन म्हणून हा प्रसंग पाठ्यपुस्तकांत येतो. त्यामागची जोडणी मात्र फारशी सांगितली जात नाही. एंगलबार्ट यांचा संगणक सभागृहात नव्हताच. तो सुमारे ५० किलोमीटर दूर, मेन्लो पार्कमधील त्यांच्या प्रयोगशाळेत होता. तेथे एका लहान पडद्यासमोर दूरचित्रवाणीचा कॅमेरा लावला होता. त्या कॅमेऱ्याचे चित्र सूक्ष्मतरंगांच्या दुव्यावरून सॅन फ्रान्सिस्कोला येत होते, आणि कळफलक व माऊस यांच्या खुणा मोडेमद्वारे तारेवरून उलट दिशेने जात होत्या. चित्र इकडे, कळा आणि माऊस तिकडे. केव्हीएम हे नाव जन्माला येण्यापूर्वी जवळजवळ २७ वर्षे त्याची संपूर्ण कल्पना अशी एका व्यासपीठावर उभी होती. तिच्यासाठी लागलेली सामग्री इतकी महाग आणि नाजूक होती की, ती रोजच्या वापरात येण्यासारखी नव्हती.

त्या काळात तिची निकडही नव्हती. सत्तरच्या दशकातील मिनीसंगणक आपल्या चालकाशी अक्षरांतूनच बोलत. सुरू होताना, चुकताना, थांबताना ते जे सांगत, ते एका साध्या क्रमिक तारेवरून टेलिटाइपवर छापले जाई. ती तार लांबवली किंवा मोडेमला जोडली की यंत्राचा ‘कन्सोल’ दूर नेता येई. पुढे युनिक्सवर चालणाऱ्या अनेक मोठ्या यंत्रांनी ही परंपरा जपली. त्यांना पडदा नसला तरी चाले.

ही सोय मोडली ती वैयक्तिक संगणकाने. १९८१ मध्ये आलेला आयबीएम पीसी एका माणसाच्या टेबलासाठी बनवलेला होता. समोर पडदा आहे, हाताशी कळफलक आहे आणि खुर्चीत माणूस आहे, अशी त्याची मूळ समजूत होती. सुरू होतानाचे सगळे संदेश तो थेट पडद्यावर लिही; क्रमिक तारेवर नव्हे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदच्या दशकात याच घराण्यातील स्वस्त यंत्रे कपाटांत रचून कार्यालयांचे सर्व्हर म्हणून वापरली जाऊ लागली. खुर्ची गेली, पण यंत्राची समजूत तशीच राहिली. प्रत्येक सर्व्हरला स्वतःचा पडदा, कळफलक आणि माऊस हवा होता. सर्व्हर ठेवण्याच्या प्रमाण कपाटात, म्हणजे रॅकमध्ये, ४२ खण असतात. प्रत्येक खणात एक यंत्र धरले तर एका कपाटासाठी ४२ पडदे लागले असते. वीज, उष्णता आणि जागा या तिन्ही दृष्टींनी हे अशक्य होते.

पहिला उपाय कोणालाही सुचेल असाच होता. एक पडदा, एक कळफलक, आणि मध्ये फिरवायच्या खटक्याची पेटी. खटका फिरवला की तारा एका यंत्रावरून दुसऱ्यावर जात. उपाय फसला तो एका गमतीदार कारणाने. पीसी सुरू होताना कळफलक जोडलेला आहे का हे तपासतो. खटका दुसऱ्या यंत्राकडे असेल तर या यंत्राला कळफलक सापडत नाही आणि ते थांबते. कळफलक नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ ही कळ दाबा, अशा अर्थाची सूचना त्या काळच्या अनेकांनी पाहिली आहे. मध्यरात्री वीज जाऊन परत आली, तर कपाटातील एक सर्व्हर सुरू होई आणि उरलेले या सूचनेवर सकाळपर्यंत अडून राहत.

यावरचा तोडगा हाच खऱ्या केव्हीएम स्विचचा आरंभ. नव्या पेट्यांत प्रत्येक यंत्रासाठी एक लहान इलेक्ट्रॉनिक मंडल बसवले गेले. त्याचे काम एकच : जोडलेल्या प्रत्येक सर्व्हरला, तुझा कळफलक आणि माऊस जागेवर आहेत, असे सतत सांगत राहणे. खरा कळफलक एकाच यंत्राशी बोलत असे. बाकीच्यांना त्याचा आभास दिला जाई. सर्व्हरची जुनी समजूत बदलता येत नव्हती, म्हणून अभियंत्यांनी तिचे समाधान करणारे सोंग तयार केले. सायबेक्स या अमेरिकी कंपनीचे संस्थापक रेमिगियस शाटास यांना १९९५ मध्ये ‘केव्हीएम’ हे लघुनाम रूढ करण्याचे श्रेय दिले जाते. सायबेक्स आणि तिची स्पर्धक एपेक्स या दोन कंपन्या २००० मध्ये एकत्र येऊन अव्होसेंट झाली, आणि २००९ मध्ये इमर्सनने ती सुमारे १.२ अब्ज डॉलरला विकत घेतली. आरंभी खटक्याची पेटी असलेल्या वस्तूला आलेले हे मोल होते.

आता चालकाला कपाटापासून दूर न्यायचे होते, कारण सर्व्हरची खोली थंड, गोंगाटी आणि माणसाला नकोशी असते. नेटवर्कसाठी टाकलेल्या चार जोड्यांच्या तांब्याच्या तारेवरूनच चित्र न्यावे, ही कल्पना पुढे आली. येथे एक सुंदर भौतिक अडचण आडवी आली. त्या तारेतील चारही जोड्यांना मुद्दाम वेगवेगळे पीळ दिलेले असतात, म्हणजे एकीचा संदेश दुसरीत झिरपत नाही. पण पीळ जास्त म्हणजे तारेची प्रत्यक्ष लांबीही जास्त. लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग तीन जोड्यांवरून पाठवले की ते किंचित वेगवेगळ्या क्षणी पोहोचत आणि अक्षरांच्या कडांना रंगीत सावल्या दिसत. लवकर पोहोचणाऱ्या रंगाला मुद्दाम थोडा उशीर लावणारी मंडले घालून हा दोष दूर केला गेला. अंतर मात्र काही शे मीटरच्या पुढे गेले नाही. चालक खोलीबाहेर आला, पण इमारतीबाहेर नाही.

इमारतीबाहेर पडण्यासाठी चित्राचे आकडे करून ते इंटरनेटच्या भाषेत पाठवावे लागणार होते. त्याचा हिशेब विद्यार्थ्यांनी एकदा करून पाहावा. १२८० गुणिले १०२४ ठिपके, प्रत्येक ठिपक्यास २४ बिट, सेकंदाला ६० चित्रे. उत्तर येते सेकंदाला सुमारे १.९ अब्ज बिट. २००० च्या सुमारास कार्यालयातील चांगले नेटवर्क सेकंदाला दहा कोटी बिट वाहून नेई. शहराबाहेरचे दुवे तर त्याहून कितीतरी अरुंद होते. मदतीला आली ती कामाची प्रकृती. सर्व्हरच्या पडद्यावर चित्रपट चालत नाही. बहुधा काळ्या पार्श्वभूमीवर काही ओळी असतात आणि त्याही क्वचित बदलतात. म्हणून पडद्याचे लहान चौकोन पाडायचे, मागच्या चित्राशी तुलना करायची आणि बदललेले चौकोन तेवढे पाठवायचे. या युक्तीवर २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इंटरनेटवरून चालणारे केव्हीएम स्विच बाजारात स्थिरावले. माऊसने येथेही त्रास दिला. जुना माऊस आपण कोठे आहोत हे सांगत नाही, किती सरकलो एवढेच सांगतो. दूरचा संगणक त्या सरकण्याला स्वतःचा वेग लावतो आणि इकडचा बाण व तिकडचा बाण हळूहळू एकमेकांपासून दूर जातात. यूएसबी आल्यावर पडद्यावरील नेमके स्थान सांगणारे उपकरण असल्याचे सोंग घेता आले, तेव्हा दोन बाण एक झाले.

येथे कोणी विचारील की, याच काळात दुरून काम करण्याची दुसरी उत्तम साधने होतीच ना? होती. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात पासवर्ड चोरीचा प्रकार घडल्यावर टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिले. केंब्रिजच्या प्रयोगशाळेतून आलेले व्हीएनसी १९९८ पासून सर्वांना खुले झाले. आजही सर्व्हरचे बहुतेक दैनंदिन काम अशा साधनांतूनच होते. पण ही साधने सर्व्हरच्या आत, त्याच्याच कार्यप्रणालीवर चालतात. कार्यप्रणाली कोसळली, नेटवर्कची मांडणी चुकली किंवा डिस्क सापडेनाशी झाली, की ही साधनेही त्याच्याबरोबर गप्प होतात. स्टिबिट्झ यांच्या टेलिटाइपची मर्यादा येथे पुन्हा भेटते. केव्हीएमचे वेगळेपण त्याच्या अडाणीपणात आहे. त्याला कार्यप्रणाली कळत नाही. त्याला फक्त पडद्यावरचे चित्र दिसते आणि कळा दाबता येतात. म्हणूनच यंत्राच्या अगदी पहिल्या क्षणी, जेव्हा त्याच्यात अजून काहीच जागे झालेले नसते, तेव्हाही ते उपयोगी पडते.

पुढची पायरी म्हणजे पेटीच सर्व्हरच्या आत जाणे. १९९८ मध्ये इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी या कंपन्यांनी आयपीएमआय हे प्रमाण प्रसिद्ध केले. सर्व्हरच्या मुख्य पटलावर एक छोटा, स्वतंत्र संगणक असावा, त्याने तापमान, पंखे आणि वीज यांवर लक्ष ठेवावे आणि मुख्य यंत्र बंद असतानाही जागे राहावे, अशी ती योजना. या छोट्या संगणकास बीएमसी म्हणतात. मुंबईकर वाचकांच्या मनात या अक्षरांनी महानगरपालिका येईल, पण येथील अर्थ मुख्य पटलाचा व्यवस्थापक-नियंत्रक असा आहे. काळाच्या ओघात दूरस्थ पडदा, कळफलक आणि माऊसही त्याच्याच हाती आले. त्याला स्वतःचे नेटवर्क-द्वार असते, स्वतःची कार्यप्रणाली असते, आणि मुख्य यंत्राला वीज देण्याचा किंवा तोडण्याचा अधिकार असतो. आजच्या सर्व्हरपुढची खुर्ची रिकामी दिसते. खरे तर तिच्यावर हा बोटाच्या पेराएवढा चालक कायमचा बसलेला आहे.

येथून या इतिहासाचा गंभीर भाग सुरू होतो. यंत्रापुढे बसण्याचा अधिकार दूर नेता येतो, तसाच तो चोरताही येतो. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत ओळख पटवण्याची पद्धतच अशी होती की, समोरच्याने आपली ओळख सिद्ध करण्याआधीच सर्व्हर त्याच्या हाती पासवर्डचे सांकेतिक रूप देई. ते घरी नेऊन सावकाश फोडता येई. हा कोणा एका कंपनीचा प्रमाद नव्हता; दोष प्रमाणातच होता. २०१३ मध्ये डॅन फार्मर या संशोधकाने अशा उणिवांकडे लक्ष वेधले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकी सरकारच्या सायबर आपत्ती पथकाने जाहीर इशारा दिला. २०१७ मध्ये एचपी एंटरप्राइझच्या एका पिढीच्या नियंत्रकात असा दोष सापडला की, जोडणीच्या विनंतीतील एका रकान्यात ‘ए’ हे अक्षर २९ वेळा लिहिले की पासवर्डशिवाय आत शिरता येई. जून २०२५ मध्ये, अनेक उत्पादक वापरतात त्या एएमआय कंपनीच्या बीएमसी सॉफ्टवेअरमधील एका त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याचे अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने नोंदवले. या दारातून शिरलेल्याला मुख्य यंत्रातील पहारेकरी अडवू शकत नाहीत. तो त्यांच्या खालून येतो. मुख्य कार्यप्रणाली पुसून नव्याने बसवली, तरी तो जागेवरच राहू शकतो.

दुसरा धोका याच्या अगदी उलट आहे : संकटाच्या वेळी ही वाट आपल्यालाच बंद सापडणे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारे सारे दुवे तोडले. ती आज्ञा रोखायला हवी होती त्या तपासणी-साधनात दोष होता. कंपनीने नंतर प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार नेहमीची वाट तर बंद झालीच, पण आणीबाणीसाठी राखलेली स्वतंत्र वाटही मिळेना. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले, आणि घुसखोरांना अडवण्यासाठी केलेल्या कडेकोट व्यवस्थेमुळे त्यांनाही आत पोहोचायला वेळ लागला. जगातील अत्यंत कुशल अभियंत्यांच्या हाताखालची यंत्रे, आणि त्या दिवशी लागले ते यंत्रापुढे जाऊन उभे राहणारे माणूसच.

भारतीय विज्ञानाने हा धडा निराळ्या क्षेत्रात आधीच गिरवला आहे. लडाखमधील हानले येथे समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्र दुर्बीण आहे. २००० मध्ये तिने पहिला प्रकाश टिपला. निरीक्षक बसतो तो बंगळुरूजवळच्या होसकोटे येथे, आणि त्याच्या आज्ञा उपग्रह-दुव्यावरून हानलेला जातात. विरळ हवेत आणि कडाक्याच्या थंडीत निरीक्षकाला रात्रभर बसवण्यापेक्षा हे सर्वार्थाने शहाणपणाचे. पण म्हणून हानले निर्मनुष्य ठेवलेले नाही. तेथे तांत्रिक कर्मचारी राहतातच. दुवा आहे म्हणून माणूस नको, असा निष्कर्ष त्या वेधशाळेने काढला नाही.

२०१५ मध्ये सुमारे ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानामुळे देशभरातील संस्थांत महासंगणक उभे राहत आहेत. ‘परम रुद्र’मधील सर्व्हरचा आराखडा सी-डॅकने भारतात केला, ही समाधानाची गोष्ट आहे. या यंत्रांची चर्चा होते तेव्हा आपण त्यांचा वेग विचारतो, प्रोसेसर कोणाचा हे विचारतो. त्यांच्या पाठीमागच्या त्या लहान द्वाराविषयी क्वचितच विचारतो. बीएमसीच्या चिप जगभर फार मोठ्या प्रमाणावर अस्पीड या एकाच तैवानी कंपनीकडून येतात आणि त्यांवरील सॉफ्टवेअर मोजक्याच पुरवठादारांचे असते. प्रोसेसर स्वदेशी करण्याला बराच काळ लागेल. पण बीएमसीवर कोणते सॉफ्टवेअर चालते, त्याची संहिता तपासता येते का, हे प्रश्न आजच्या आवाक्यातले आहेत. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील ओपनबीएमसी हा मुक्त प्रकल्प कोणाही विद्यार्थ्याला आज वाचता येतो.

महाविद्यालयातील प्रयोगशाळेत चार सर्व्हर असतील, तरी तीन गोष्टी तपासून पाहता येतील. बीएमसीचे द्वार सार्वजनिक इंटरनेटवर उघडे तर नाही ना? कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला आहे का? आणि मुख्य नेटवर्क पूर्ण बंद असताना त्या द्वारापर्यंत पोहोचण्याची निराळी वाट खरोखर चालते का? तिसरी गोष्ट कागदावर तपासता येत नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुख्य तार स्वतःच काढून ठेवावी आणि दुसऱ्या वाटेने आत जाऊन दाखवावे. जाता आले नाही, तर चावी घेऊन खोलीपर्यंत कोण जाईल, त्याचे नाव त्याच दिवशी ठरवून दारावर लिहून ठेवावे.